चवडा, टाच, घोटा: हाडाची चीर भरून पुन्हा पळायला लागेपर्यंत

पोलीस किंवा अग्निवीर भरतीच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींचं पाय दुखणं बहुतेक वेळा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू होतं. पहिले पंधरा दिवस पोटऱ्या भरून येतात, मग मोकळ्या होतात. दम वाढतो, सोळाशे मीटर पळण्याची वेळ खाली यायला लागते, आणि नेमकं तेव्हाच चवड्याच्या वरच्या बाजूला एका जागी टोचायला लागतं. नवा ताण पडला की हाड आधी आपला थकलेला भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. पोखरायला तीनेक आठवडे लागतात, भरायला तीनेक महिने. मधल्या काळात हाड आधीपेक्षा कच्चं असतं, पण दम आणि स्नायू वाढलेले असल्यामुळे पळणारा जास्तच जोर लावतो. या तफावतीतून आधी हाडाच्या आत सूज येते, आणि तरीही पळणं चालू राहिलं तर चीर पडते. डॉक्टर आधीच्या अवस्थेला स्ट्रेस रिअ‍ॅक्शन म्हणतात, पुढच्या अवस्थेला स्ट्रेस फ्रॅक्चर.

दुखणं नवं नाही. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने लांब कवायतीनंतर सैनिकांचे सुजणारे पाय नोंदवले. तेव्हा एक्स-रे नव्हता, त्यामुळे आत हाड चिरलंय हे कळायला पुढे चार दशकं गेली. ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव तिथूनच आलं. नाशिकमध्ये हे दुखणं लष्करापुरतं राहत नाही. पोलीस भरतीची आणि अग्निवीरची मुलं, गोल्फ क्लब मैदानावर सकाळी पळणारे, श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करणारे, निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरला पायी जाणारे, सगळ्यांच्या पायांना हा त्रास होऊ शकतो.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे: दुखणं थांबतं ती तारीख वेगळी आणि हाड भरतं ती तारीख वेगळी. दोन्हींमध्ये कित्येक आठवड्यांचं अंतर असतं, आणि चीर पुन्हा उघडते ती बहुतेक याच अंतरात.

बोटाने जागा शोधा

खुर्चीवर बसा आणि दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. पूर्ण हाताने चोळू नका. तर्जनीच्या टोकाने, नख पांढरं पडेल इतकाच दाब देत, हाडाच्या रेषेवरून एकेक सेंटिमीटर पुढे जा. चवड्याच्या वरच्या बाजूला पाच लांबट हाडं हाताला लागतात. प्रत्येकावर बोटाच्या बुडापासून घोट्याकडे या. नंतर हेच चांगल्या पायावर करा, कारण काही जागा सगळ्यांच्याच दुखऱ्या असतात. स्नायूचं दुखणं पसरट असतं, बहुतेक दोन्ही पायांत असतं आणि अंग गरम झालं की कमी होतं. हाडाचं दुखणं एका नाण्याएवढ्या जागेत असतं, एकाच पायात असतं आणि पळत राहिलं तर वाढतं. दाब दिल्यावर पाय आपोआप मागे ओढला गेला तर त्या जागी पेनाने खूण करून ठेवा. डॉक्टरांना दाखवताना तिचा उपयोग होतो.

टाचेसाठी वेगळी पद्धत आहे. टाचेच्या दोन्ही बाजूंना तळहात ठेवून लिंबू पिळल्यासारखं दाबा. तळव्याच्या शिरेचं दुखणं, म्हणजे सकाळी पहिलं पाऊल टाकताना होणारं, खालून दाबल्यावर दुखतं. टाचेच्या हाडाला चीर असेल तर बाजूंनी पिळल्यावर कळ येते. पहिल्या प्रकाराला लोक टाचेच्या मऊ चपला घेऊन महिनोनमहिने काढतात. दुसऱ्या प्रकारात तसं चालत नाही.

सगळ्यात फसवी जागा घोट्याच्या पुढे, पायाच्या वरच्या बाजूला, कमानीच्या शिखरावर आहे. घोटा वर उचलला की पुढे दोन जाड दोऱ्या उठतात. एक आतल्या बाजूला तळव्याच्या कमानीकडे जाते, दुसरी अंगठ्याकडे. या दोन्हींमधला खळगा दाबून बघा. खाली नॅव्हिक्युलर नावाचं होडीच्या आकाराचं हाड आहे. इथे सूज जवळपास दिसत नाही, दुखणं मोघम असतं, आणि पळणं थांबवलं की दोन दिवसांत नाहीसं होतं. म्हणूनच ते सहा-सहा महिने लपून राहतं.

एक्स-रे कोरा आला तर

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. ‘फोटो नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘हाड नॉर्मल आहे’ असा घेऊ नका. बोटाने सापडलेली जागा ठळक असेल तर चीर आहे असं धरूनच चाला आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढा. तेव्हा चिरेभोवती नवं हाड ढगासारखं दिसायला लागतं. लगेच नक्की करायचं असेल तर एमआरआय. नॅव्हिक्युलरची चीर आरपार गेलीय का हे सीटी स्कॅनमध्ये जास्त स्पष्ट दिसतं. एक इशारा: बरं झाल्यावर खात्रीसाठी पुन्हा एमआरआय करायचा हट्ट धरू नका. हाडातली सूज त्यात कित्येक महिने दिसत राहते, आणि चांगला पाय असलेला माणूस अहवाल वाचूनच लंगडायला लागतो.

हाड कोणतं, त्यावर सगळा हिशोब

एकाच प्रकारच्या चिरेला एका हाडात सहा आठवडे आणि दुसऱ्या हाडात सहा महिने का लागतात? रक्तपुरवठा आणि ओढ. काही हाडांच्या मधल्या भागाला रक्त कमी मिळतं, आणि काही जागी प्रत्येक पावलाला चीर दाबली न जाता ताणली जाते. दाबली गेलेली चीर भरते, ताणली गेलेली उघडत राहते.

सरळ वागणारी हाडं म्हणजे दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या बोटामागच्या लांब हाडांचा मधला भाग, टाचेचं हाड आणि बाहेरच्या घोट्याचं बारीक हाड, फिब्युला. यांना चालताना अजिबात दुखणार नाही इतका आधार द्यायचा. कोणाला कडक तळव्याचा बूट पुरतो, कोणाला दोन ते सहा आठवडे वॉकर बूट, म्हणजे पोटरीपर्यंत पट्ट्यांनी आवळायचा, न वाकणारा बूट लागतो. पळणं साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सुरू होतं. टाचेला थोडा जास्त वेळ लागू शकतो.

अडेल हाडांमध्ये पहिलं नाव नॅव्हिक्युलरचं. इथे ‘दुखत नाही म्हणून चालतो’ हा हिशोब चालत नाही. सहा ते आठ आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. प्लास्टर किंवा बूट, आणि कुबड्या. चीर मोठी असेल किंवा सरकली असेल तर स्क्रू. पळण्यापर्यंत चार ते सहा महिने लागतात. लोक पहिल्या तीन आठवड्यांत ‘फक्त बाथरूमपर्यंत’ म्हणून पाय टेकवतात आणि मग तेच आठ आठवडे नव्याने मोजावे लागतात.

दुसरं करंगळीमागचं लांब हाड. इथे जागा मिलिमीटरच्या फरकाने ठरते. हाडाचं अगदी मागचं टोक पाय मुरगळल्यावर तुटतं. ती वेगळी, सोपी दुखापत आहे. त्याच्या पुढे दीड-दोन सेंटिमीटरवर पडणारी चीर मात्र भरायला कुरकुर करते आणि भरली तरी परत उघडते. खेळाडूंना इथे अनेकदा सुरुवातीलाच स्क्रूचा सल्ला मिळतो, आणि तो घाबरवण्यासाठी दिलेला नसतो. आतल्या घोट्याचं हाड, घोट्याच्या आतलं टॅलस, अंगठ्याखालची वाटाण्याएवढी दोन हाडं आणि दुसऱ्या लांब हाडाचं मागचं बूड हीसुद्धा याच यादीत येतात. यांचं वेळापत्रक ऑर्थोपेडिक डॉक्टरच ठरवतील. खालच्या पायऱ्या त्यांनाही लागू आहेत, पण प्रत्येक पायरीची परवानगी घेऊन आणि उशिरा.

मधुमेह असून तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. इथे सगळीकडे दुखणं हा मार्गदर्शक आहे, आणि तुमच्या पायात तोच बंद आहे. पाय गरम, लाल, सुजलेला आणि तरी फारसा न दुखणारा असेल तर आजच दवाखान्यात जा. बूट घातलेल्या पायाची पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तरीही लगेच जा. ती रक्ताची गुठळी असू शकते.

बुटातले दिवस

वॉकर बुटाने तो पाय दोन-तीन सेंटिमीटर उंच होतो. दुसऱ्या पायात चप्पल असेल तर दहा दिवसांत कंबर धरते, म्हणून चांगल्या पायात जाड तळव्याचा बूट घाला किंवा आत जादा सोल टाका. पट्टे खालून वर आवळा: आधी चवडा, मग घोटा, मग पोटरी. टाच मागे घट्ट टेकलेली हवी. आत टाच उचलली जात असेल तर बूट असून नसल्यासारखा. सुती मोजा गुडघ्याखालपर्यंत ओढा. नाशिकच्या मे महिन्यात घामाने कातडी सोलवटते, म्हणून दिवसातून दोनदा मोजा बदला.

कुबड्यांची उंची काखेच्या दोन-तीन बोटं खाली ठेवा आणि मुठीची जागा कोपर किंचित वाकेल अशी. वजन तळहातांवर घ्यायचं, काखेवर नाही. काखेत रेललात तर हाताला मुंग्या येतात. एकच काठी वापरायची वेळ आली की ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. जवळपास सगळे उलट धरतात.

घरात जास्त सांभाळावं लागतं. उकिडवं बसलं की सगळं वजन चवड्यावर येतं आणि घोटा पूर्ण दुमडतो, म्हणून कमोड नसेल तर कमोडची खुर्ची घ्या. मांडी घालून बसणं चालतं, पण उठताना चवड्यावर जोर येतो, म्हणून जेवायला खुर्चीवर बसा. शहाबादी फरशीवर अनवाणी वावर पूर्ण बंद. घरात कडक, पुढे किंचित वर वळलेल्या तळव्याची चप्पल ठेवा. देवघरापुरतं अनवाणी गेलात तर चालेल, स्वयंपाकघरात तासभर अनवाणी उभं राहणं चालणार नाही. गाडीला डबल स्टँड लावणं, किक मारणं आणि डाव्या चवड्याने गिअर वर उचलणं ही तिन्ही कामं थेट चवड्याच्या हाडांवर घाव घालतात. उजव्या पायात बूट असेल तर मागचा ब्रेक नीट लागत नाही, तेव्हा मोटारसायकल बंद.

मालिश करून घेऊ नका. चिरेवर दाब देऊन ‘हाड बसवणं’ हा इथला नेहमीचा घोळ आहे. चिरलेल्या हाडात बहुतेक वेळा बसवण्यासारखं काही सरकलेलंच नसतं. दुखणं दाबणाऱ्या गोळ्या सराव करता यावा म्हणून घेणं हाही तसलाच प्रकार. गोळीने दुखणं गप्प होतं, हाड नाही. तंबाखू आणि मिश्रीने हाड भरायला वेळ लागतो, आणि या दोन्ही गोष्टी डॉक्टरांपासून लपवल्या जातात.

ताटात काय आहे

ही चीर कित्येकदा बुटामुळे पडत नाही, भुकेमुळे पडते. रोज दहा किलोमीटर पळायचं, वजन कमी करायचं म्हणून रात्रीचं जेवण सोडायचं, त्यात सोमवार, चतुर्थी आणि नवरात्राचे नऊ दिवस उपवास. शरीर तुटवड्यात गेलं की हाडाची डागडुजी मागे टाकतं. मुलींमध्ये याची खूण पाळी लांबणं किंवा बंद होणं ही असते. तीन महिने पाळी आली नसेल तर पायाच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, लाज बाळगू नका. त्याशिवाय एक पाय बरा होईल आणि दुसऱ्याला चीर जाईल. हाड भरेपर्यंत पळायचा उपवास आणि पोटाचा उपवास एकत्र करू नका. करायचाच असेल तर साबुदाण्यावर न भागवता राजगिरा, दूध, दही आणि शेंगदाणे घ्या.

रोज साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. सुरगाणा, पेठ, इगतपुरी भागातली नागली (नाचणी) इथे कामाला येते: १०० ग्रॅम पिठात ३४० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका मध्यम भाकरीत दोनशेच्या घरात. एक मोठा पेला दूध अडीचशेच्या आसपास. चमचाभर तीळ शंभराच्या जवळ. दोन भाकऱ्या, दोन पेले दूध, थोडं दही आणि तिळाची चटणी यात दिवस निघतो. प्रथिनं शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम घ्या. फक्त वरण-भातावर ती पुरी होत नाहीत. अंडी, पनीर, मटकी, सोयाबीन यांपैकी काहीतरी दोन्ही वेळच्या जेवणात हवं.

‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या. ते कमी असेल तर डॉक्टर सहसा ६०,००० युनिटची आठवड्याला एक पुडी ठरावीक आठवडे देतात. तेवढेच आठवडे घ्या. मेडिकलमधून आणून वर्षभर घेत राहिल्यास रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो.

बूट असतानाच काय करता येतं

दम टिकवण्यासाठी पाण्यात पळणं सगळ्यात उपयोगी. महापालिकेच्या सावरकर जलतरण तलावासारख्या ठिकाणी कमरेला तरंगता पट्टा बांधून, पाय तळाला न टेकवता, जमिनीवर पळतो तसे हातपाय हलवायचे. एक मिनिट जोर, मग अर्धं मिनिट सैल, असं वीस मिनिटांपासून सुरू करा. पाण्यात नाडी जमिनीवरच्यापेक्षा कमी लागते, तेव्हा आकड्यावर न जाता श्वासावर जा. धोका पाण्यात नसून काठावर आहे. ओल्या फरशीवर बूट काढून चालणं, शिडीच्या दांड्यावर चवडा दाबणं, भिंतीला चवड्याने ढकला मारून निघणं, या तीन गोष्टी टाळा. नॅव्हिक्युलर किंवा करंगळीमागच्या हाडाला चीर असेल तर पाण्यात उतरण्याआधी विचारा.

चालताना दुखणं थांबलं की सायकल. चवड्याला चीर असेल तर पेडल पायाच्या मध्यावर, जवळजवळ टाचेखाली घ्या, आणि उभं राहून पेडल मारू नका. गंगापूर धरणाकडे चढाने जाण्याआधी दोन आठवडे सपाटीवर घालवा.

घरी पहिल्या दिवसापासून कुशीवर झोपून पाय वर उचलणं १५ वेळा, तीन फेऱ्या. पाठीवर झोपून कंबर उचलणं तितकंच. कमरेचे स्नायू ढिले असले की पाऊल आपटतं. डॉक्टरांनी बूट काढून बसायला परवानगी दिली की बोटांचं काम: अंगठा जमिनीवर ठेवून बाकीची चार उचला, मग चार खाली आणि अंगठा वर. पहिल्या दिवशी जमत नाही, मेंदू बोटं विसरलेला असतो. आठवड्यात जमतं. नंतर बोटं न मुडपता कमान किंचित वर खेचा, पाच सेकंद धरा, दहा वेळा.

बुटातून बाहेर

बोटाने दाबून दुखत नाही आणि बुटात पाच दिवस सलग काहीही जाणवलं नाही की बूट सोडायला सुरुवात. पहिल्या दिवशी घरातच कडक तळव्याच्या शूजमध्ये एक तास. रोज एक तास वाढवा. आठ-दहा दिवसांत दिवसभर शूज. संध्याकाळी ठणकलं तर आदल्या दिवसाच्या तासांवर परत. मग चालणं: दहा मिनिटांपासून, एक दिवसाआड पाच मिनिटं वाढवत, झपाझप ४५ मिनिटांपर्यंत.

याच काळात पोटरीचं काम. बुटातल्या सहा आठवड्यांत पोटरी दोरीसारखी बारीक झालेली असते, आणि पोटरी दमली की प्रत्येक पावलाचा धक्का हाडाला बसतो. बसूनच टाचा उचला, गुडघ्यांवर तांदळाची दहा किलोची पिशवी. वर जायला दोन सेकंद, एक सेकंद थांबा, खाली यायला तीन. १५ वेळा, तीन फेऱ्या. मग उभं राहून दोन्ही पायांवर, नंतर एका पायावर भिंतीला बोटं टेकवून, नंतर पायरीच्या कडेवर टाच खाली सोडून. उड्या मारत वर जाऊ नका. ज्याला ‘मी ५० मारतो’ वाटतं, तो या गतीने १२ व्या वेळी थांबतो. गुडघा किंचित वाकवूनही एक फेरी करा, कारण पळताना खोल पोटरीवरच जास्त भार येतो.

घोट्याची वाक बघायला भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर पायाचा अंगठा ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. दोन्ही पायांत एक-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर रोज वाक वाढवत न्या, नाहीतर पळताना भार चवड्यावर सरकतो.

पळण्याआधी लंगडी

लहानपणी खेळलेली लंगडी ही इथली सगळ्यात चोख परीक्षा आहे. क्रम असा. आधी दोन्ही पायांवर जागच्या जागी दहा उड्या, तीन फेऱ्या. दोन दिवसांनी त्याच उड्या पुढे सरकत. आणखी दोन दिवसांनी दुखऱ्या पायावर जागच्या जागी दहा लंगड्या. मग पुढे सरकत दहा. शूज घालून, सपाट मातीवर. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहून ठेवा: उडी मारताना जागा जाणवली का, दोन तासांनी जाणवली का, दुसऱ्या दिवशी सकाळी बोटाने दाबल्यावर जाणवली का. तिन्ही उत्तरं ‘नाही’ आली तरच पुढची पायरी. ‘थोडंसं’ हे उत्तर ‘हो’ समजा. स्नायूच्या किंवा स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या दुखण्यात थोडं दुखलं तरी व्यायाम चालवता येतो. हाडाला ती सवलत नाही.

यासोबत चार गोष्टी जमायला हव्यात: ४५ मिनिटं झपाझप चालून कोरं राहणं (म्हणजे दुखरी जागा अजिबात न जाणवणं), एका पायावर वर सांगितलेल्या गतीने २० वेळा टाच उचलणं, एका पायावर अर्धं मिनिट न डगमगता उभं राहणं, आणि दुखऱ्या जागेवर जोरात दाबूनही फरक न पडणं. नॅव्हिक्युलर, टॅलस आणि आतल्या घोट्यासाठी डॉक्टरांची लेखी संमतीसुद्धा.

हाडाच्या पेशी काही डझन धक्क्यांनंतर नव्या धक्क्यांकडे दुर्लक्ष करू लागतात, आणि चार ते आठ तास विश्रांती मिळाली की पुन्हा जाग्या होतात. म्हणून सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन अशा छोट्या फेऱ्या एकदम शंभर उड्यांपेक्षा हाडाला जास्त घडवतात. भरतीच्या अकॅडमीत हे उलट चालतं.

चाल-पळ

एक दिवसाआड, मातीवर, गप्पा मारता येतील इतक्या सावकाश. गोल्फ क्लबचा जॉगिंग ट्रॅक यासाठी ठीक आहे. नव्या काँक्रीट रस्त्याच्या उतरत्या कडेवरून पळू नका, कडेचा पाय सतत वाकडा पडतो. पावसाळ्यात निसरडा चिखल असेल तर त्या दिवशी ट्रेडमिल.

पायरी १: ४ मिनिटं चाल, १ मिनिट पळ, सहा वेळा.
पायरी २: ३ मिनिटं चाल, २ मिनिटं पळ, सहा वेळा.
पायरी ३: २ मिनिटं चाल, ३ मिनिटं पळ, सहा वेळा.
पायरी ४: १ मिनिट चाल, ४ मिनिटं पळ, सहा वेळा.
पायरी ५: सलग २० मिनिटं, मग २५, मग ३०.

प्रत्येक पायरी तीनदा केल्याशिवाय पुढे जाऊ नका. म्हणजे पाचेक आठवडे. पहिली पायरी हास्यास्पद वाटेल, पण त्यात सहा मिनिटांत हजाराजवळ पावलं पडतात, आणि ती बघणारं हाड महिन्याभरापूर्वी बुटात होतं. जागा जाणवली तर त्याच क्षणी थांबून चालत घरी या. शेवटचा एक मिनिट पुरा करू नका. पूर्ण कोरे दोन दिवस जाऊ द्या आणि एक पायरी मागून सुरू करा. दोनदा तीच पायरी अडली तर डॉक्टरांकडे.

पावलांची गती मोजा. मिनिटाला १६० पडत असतील तर १६८ ते १७५ पर्यंत आणा. पाऊल लहान होतं, शरीराच्या खाली पडतं आणि धक्का कमी बसतो. ती एकदम नाही, दोन आठवड्यांत वाढवा. शूज या काळात बदलू नका. जुनेच पण तळवा न झिजलेले चालतील. अगदी पातळ तळव्याचे आणि कार्बन पट्टीचे दोन्ही पहिले तीन महिने बाजूला.

आधी मिनिटं वाढवा, वेग नंतर. सलग ३० मिनिटं तीन आठवडे कोरी गेली की आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढ. मग आठवड्यातून एकदा १०० मीटरचे चार हलके वेगवान टप्पे. चढ त्यानंतर, आणि उतार सगळ्यात शेवटी. पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून जाणं लवकर चालतं, धावत उतरणं नाही. ब्रह्मगिरीची फेरी किंवा वणीचा गड पायी त्याच मोसमात ठरला असेल तर चवड्याची साधी चीर असलेल्यांनी किमान चार महिने मध्ये जाऊ द्यावे, आणि त्या वर्षी अनवाणी जायचा नवस पुढच्या वर्षावर टाकावा.

भरतीवाल्यांसाठी तारखेचा हिशोब रोखठोक सांगायला हवा. चवड्याच्या मधल्या लांब हाडाची साधी चीर आज कळली आणि ग्राउंड (मैदानी चाचणी) सतरा-अठरा आठवड्यांवर असेल तर ते पकडता येतं. दहा आठवड्यांवर असेल तर सोळाशे पुरी होईल, वेळ येणार नाही, आणि चीर परत उघडण्याची शक्यता खरी आहे. नॅव्हिक्युलर असेल तर या भरतीचं ग्राउंड सोडा आणि लेखीची तयारी करा. मुलींच्या आठशे मीटरला हाच हिशोब लागू. पूर्ण वेगाची पहिली सोळाशे तारखेच्या किमान दहा दिवस आधी मारा, त्यानंतर ४८ तास पाय बोटाने तपासत राहा, आणि मधल्या दिवसांत गोळा, शंभर मीटर आणि सोळाशे एकाच सकाळी घेऊन बघा, कारण ग्राउंडवर तिन्ही एकाच दिवशी येऊ शकतात.